इंजिन नसलेले विमान आणि आमचे शिवार

पुण्यात हडपसरला ग्लायडर चालवायला शिकल्यापासून बीडकडच्या आमच्या शिवाराकडे मी निराळ्या नजरेने पाहतो. ग्लायडरला इंजिन नसते. तापलेल्या जमिनीवरून वर उठणाऱ्या हवेचा आधार सुटला आणि धावपट्टी आवाक्याबाहेर राहिली, तर एखाद्या शेतातच उतरावे लागते, आणि अंदाज चुकला तरी पुन्हा वर जाता येत नाही. म्हणून साधारण १५०० फुटांवर शेत पक्के करावे आणि १००० फुटांखाली, थोडी हवा मिळाली तरी, निर्णय बदलू नये. मला हाच नियम सर्वांत कठीण वाटतो.

उन्हाळ्यात हवा उत्तम उठते, पण तेव्हाच आमची काळी राने नांगरून पडलेली असतात आणि वरून सपाट दिसणाऱ्या त्या जमिनीत मोठाली ढेकळे व खोल भेगा असतात. उभ्या तुरीत पंखाचे टोक अडकले, तर ग्लायडर जागीच गरकन फिरून मोडू शकते. विजेच्या तारा तर वरून बहुधा दिसतच नाहीत. खांब शोधून त्यांच्यामधली रेघ मनानेच ओढावी लागते, आणि आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक विहिरीकडे अशी एक रेघ जाते.