तुम्ही विचारलंत म्हणून : जंतू आणि शरीर खरंच बोलतात का?

फोंड्याच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत, जुने विद्यार्थी फोनवर भेटले की, एक प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की म्हटलं आता एकदा बसून लिहूनच टाकूया. 'मॅडम, तुम्ही वर्गात म्हणायचात बॅक्टेरिया आणि प्राण्याचं शरीर एकमेकांशी बोलतात, ते खरंच बोलणं असतं की आम्हाला समजावं म्हणून तसं सांगायचात?' मी २८ वर्षं मायक्रोबायॉलॉजी शिकवली, आणि माझं उत्तर आहे, खरंच असतं. फक्त बोलणं कशाला म्हणायचं ते आधी बघायला हवं.

आमच्या घरात मराठी, अंगणाबाहेर पडलं की कोकणी, त्यामुळे एक गोष्ट मला लहानपणीच कळली होती. पुण्याची मावसबहीण सुट्टीत आली होती आणि आई बाजारातून येऊन शेजारणीला म्हणाली, 'आज नुस्तें ना गे', तर ही बिचारी मला हळूच विचारते, नुसतं काय नाही? आमच्या कानाला नुस्तें म्हणजे मासळी, तिच्या कानाला नुसतं म्हणजे फक्त. आवाज जवळजवळ तोच, पण अर्थ ठरवला तो ऐकणाऱ्या कानानं. रेणूंचं अगदी असंच आहे. बॅक्टेरियानं सोडलेला रेणू हा शब्द, पेशीवरचा किंवा पेशीतला, तो रेणू पकडणारा रिसेप्टर हा कान, आणि त्या रेणूचा अर्थ काय हे तो कुठल्या कानावर कुठे पडला त्यावर ठरतं.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण डांग्या खोकल्याचं आहे. बहुतेक बॅक्टेरियाभोवती पेप्टिडोग्लायकनची जाळीदार भिंत असते, बॅक्टेरिया वाढतो तेव्हा ती तोडत जोडत मोठी करावी लागते, त्यात तिचे बारीक तुकडे निघतात आणि बरेचसे परत वापरले जातात. डांग्या खोकल्याचा जंतू बोर्डेटेला पर्ट्युसिस मात्र त्यातला एक ठरावीक तुकडा बाहेर सोडून देतो. १९८२ मध्ये तो वेगळा काढला गेला, पुढे त्याला नाव मिळालं ट्रेकियल सायटोटॉक्सिन, थोडक्यात टीसीटी. आपल्या श्वासनळीत केसासारख्या सिलिया असलेल्या पेशी असतात, त्या कफ झाडून सतत वर ढकलत असतात, आणि टीसीटीमुळे नेमक्या त्याच पेशी मरतात. मग कफ तिथेच साठतो आणि तो काढायला खोकण्याशिवाय शरीराकडे मार्ग उरत नाही. माझ्या आजीचा धाकटा भाऊ इथे गोव्यातच, साखळी गावात याच खोकल्यात गेला, आमच्याकडे लस पोचायच्या आधी, आणि खोकल्याची उबळ संपल्यावर श्वास आत घेताना यायचा तो आवाज आजी म्हातारपणीसुद्धा काढून दाखवायची.

आता दुसरं ठिकाण. हवाईच्या उथळ समुद्रात अंगठ्याएवढा एक स्क्विड राहतो, युप्रिम्ना स्कोलोप्स. आपल्या माणक्योंचा, म्हणजे बाजारातल्या म्हाकुलांचा, लांबचा भाऊबंद म्हणा. दिवसा वाळूत पुरून घेतो, रात्री शिकारीला निघतो, आणि वरून चांदणं पडतं तेव्हा खालून बघणाऱ्या माशाला त्याची सावली दिसू नये म्हणून पोटाकडून तेवढाच उजेड टाकतो. तो उजेड त्याचा स्वतःचा नसतो, व्हिब्रियो फिशेरी नावाच्या बॅक्टेरियाचा असतो. गंमत म्हणजे पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा त्याच्यात हा बॅक्टेरिया एकही नसतो. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण दहा लाख बॅक्टेरिया, त्यात फिशेरी हजारात एकसुद्धा नाही, आणि दोनेक मिलिमीटरच्या या पिल्लाला त्या गर्दीतून नेमका तोच आत घ्यायचा असतो.

त्यासाठी त्याच्या प्रकाश-अवयवाच्या, म्हणजे जिथे हे बॅक्टेरिया राहतात त्या भागाच्या, दोन्ही बाजूंना सिलिया असलेले हातासारखे भाग असतात. पाण्यात बॅक्टेरियाच्या भिंतीचे तुकडे जाणवले की तिथे चिकट म्युकस सुटतो, त्यात फिशेरी गोळा होतात, मग कायटिनपासून (कोळंबीच्या कवचात असतं ते) निघणाऱ्या साखरेच्या वासानं बारीक छिद्रांतून आत पोहत जातात. आत वस्ती झाली की पिल्लाचं शरीर ते हातासारखे भाग पाडून टाकतं, चारपाच दिवसांत ते नाहीसे होतात. काम झालं, आता ते नकोत. आणि हे पाडून टाका असं सांगणारा रेणू कोणता? २००४ मध्ये जीवशास्त्रज्ञ मार्गारेट मॅकफॉल-न्गाय यांच्या गटानं दाखवलं की तो टीसीटीच. बॅक्टेरियाच्या बाहेरच्या आवरणातलं एलपीएस जोडीला लागतं, पण मुख्य शब्द तोच. आपल्या श्वासनळीत सिलियावाल्या पेशी मारल्या तर आजार, स्क्विडच्या पिल्लात सिलियावाल्या पेशी पाडल्या तर मोठं होणं! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी स्टाफरूममध्ये उठून उभी राहिले होते, शेजारच्या मॅडमना वाटलं काहीतरी झालं.

बरं, आत गेलेले बॅक्टेरियासुद्धा आपापसात बोलतात. दोनचार असताना उजेड पाडून फायदा नाही, म्हणून प्रत्येकजण एक छोटा रेणू सोडत राहतो, आणि संख्या वाढून तो रेणू पुरेसा साठला की सगळे एकदम उजळतात. नीलसन आणि हेस्टिंग्स या शास्त्रज्ञांना १९७० मध्ये फ्लास्कमधल्या बॅक्टेरियात हे दिसलं, पुढे त्याला क्वोरम सेन्सिंग म्हणायला लागले. आपल्याकडे रविवारच्या ग्रामसभेला कोरम भरेपर्यंत ठराव घेत नाहीत तसं. आणि हा उजेड यजमान, म्हणजे स्क्विडही ऐकतो. ज्या फिशेरींचे उजेडाचे जीन मोडलेत त्यांना स्क्विड आत टिकू देत नाही, शिवाय त्याच्या शरीरातल्या दिवसरात्रीच्या घड्याळाचा एक जीन बॅक्टेरियाच्या उजेडावर वरखाली होतो. रोज पहाटे स्क्विड ९० ते ९५ टक्के बॅक्टेरिया बाहेर टाकतो, उरलेले दिवसभरात वाढतात आणि संध्याकाळपर्यंत परत कोरम. रोजच्या रोज, जन्मभर.

इथे बहुतेकजण म्हणतात, हे स्क्विडचं झालं, आमचं काय. आपलंही तेच आहे हो. बॅक्टेरियाच्या शेपटीचं प्रथिन फ्लॅजेलिन, ते ओळखणारा रिसेप्टर टीएलआर-५. आपल्या आतड्याच्या पेशींवर हा कान मुख्यतः आतल्या, म्हणजे रक्ताकडच्या बाजूला असतो. पोकळीत अब्जावधी बॅक्टेरिया शेपट्या हलवत फिरतात, त्याची फारशी दखल नाही, पण तेच फ्लॅजेलिन भिंतीच्या पलीकडे सापडलं की धोक्याची घंटा. दारातला पाहुणा वेगळा आणि माजघरात शिरलेला अनोळखी माणूस वेगळा. उंदरांमध्ये तर असंही दिसलंय की आतड्यातल्या बॅक्टेरियाच्या पेप्टिडोग्लायकनचे तुकडे नॉड-१ नावाच्या रिसेप्टरनं ऐकले म्हणजेच आतड्याच्या भिंतीत रोगप्रतिकारक पेशींचे काही छोटे पुंजके नीट तयार होतात. म्हणजे परत तीच भिंत, तिचेच तुकडे, आणि इथे त्याचा अर्थ 'बांधा'.

ऐकणं एका बाजूचं नाही हेही सांगते, कारण हे लोकांना पटकन पटत नाही. जुलाबाला कारण होणारा एक घातक ई. कोलाय आहे, त्याच्याकडे क्यूएसईसी नावाचा सेन्सर आहे, आणि तो आपलं अॅड्रेनालिन ओळखतो, ते जाणवलं की रोग करणारे जीन चालू करतो. आपण घाबरलो की शरीर स्वतःच्या पेशींना जो निरोप पाठवतं तो पोटात बसलेला जंतूही वाचतो.

मग कोणीतरी म्हणतंच, पण त्यांना कळतं थोडंच? नाही कळत, हेतू नसतो, विचार नसतो. तरी मी त्याला बोलणंच म्हणते, कारण एकानं सोडलेल्या खुणेवर दुसऱ्याचं वागणं बदलतं आणि लाखो वर्षांत दोघंही त्या खुणेला धरून घडलेत. त्या स्क्विडला तो तुकडा मिळालाच नाही तर त्याचा अवयव पूर्ण होत नाही. याहून जास्त मी भाषेकडून काय मागू? डब्यावर 'तुमच्या पोटाशी बोलणारे बॅक्टेरिया' असं छापून विकतात त्याचा मात्र मला मनापासून राग येतो, कुठला रेणू, कुठला रिसेप्टर, कुठल्या जागी, हे न सांगता बोलण्याची गोष्ट करायची म्हणजे पोरांना शिकवलेलं सगळं पुसून टाकणं.

गेल्या महिन्यात शेजारची वहिनी माणक्यो साफ करत होती आणि परत तोच प्रश्न आला, म्हणून मी तिला थांबवलं, म्हटलं शाईची पिशवी ओढून टाकू नकोस जरा. आपल्या किनाऱ्यावरच्या माणक्योंना शाईच्या पिशवीवरच खालच्या बाजूला दोन छोटे प्रकाश-अवयव असतात, बॅक्टेरियांची घरं. आम्ही पाण्याखाली पिशवी हळूच धुतली, तिनं चष्मा लावला, आणि दोन बारीक फिकट ठिपके दिसले. 'इतकी वर्षं हे मी मांजराला टाकत आले?' असं म्हणून ती बराच वेळ ती पिशवी बोटावर धरून बघत राहिली, आणि कढईतलं तेल तापून धूर यायला लागला तेव्हा कुठे आम्ही गॅस बंद केला.