हळदी-कुंकवाचं चित्र : तिसरा आठवडा, हळद आणि कुंकू दोन्ही बाद

कॅनव्हास 24 × 30 इंच, जेसोचे, म्हणजे रंगाआधीच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात. मधोमध जुन्या सुती लुगड्याचा 18 × 11 इंचांचा तुकडा, त्यावर ॲक्रिलिक, कोळसा आणि धावदोरा. आकृती कुठेच नाही. बाईपण यायचं ते चुण्यांतून, टाक्यांतून आणि पिवळ्या-तांबड्या दोन रंगांतून. अमेरिकन चित्रकार मिरियम शापिरो यांनी 1970च्या दशकात रुमाल, ॲप्रन, लेस कॅनव्हासवर आणले आणि ‘फेमाज’ (बायकांच्या हातकामातून घडलेलं कोलाज) हा शब्द रुजवला. आपल्या घरात त्या जागी गोधडी आहेच.

खरी हळद वापरायचा बेत मात्र सोडावा लागला. 50 मिली मॅट मीडियममध्ये (ॲक्रिलिकचं बिनरंगी, बिनचमकीचं द्रव) अर्धा चमचा हळद कालवली, तर पिवळा रंग नारिंगी-तपकिरीकडे झुकला. मीडियम किंचित अल्कधर्मी असतं. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, त्यातलाच हा प्रकार. विषयाला इतकं जवळचं रसायन सापडणं फार सुंदर आहे! पण मीडियम वाळताना त्यातला अमोनिया उडतो, छटा पुन्हा सरकते, आणि नेमका रंग हाती लागत नाही. त्यातून हळद उन्हाने भराभर विटते. रंगवलेली पट्टी अर्धी काळ्या कागदाने झाकून उन्हाच्या खिडकीत ठेवा, दोन आठवड्यांत फरक डोळ्यांना दिसतो. कुंकवाची अडचण वेगळी. बाजारातल्या काही कुंकवांत पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग असतो. त्यावर पांढऱ्याचा हात फिरवला की गुलाबी डाग वर येतो, पुढच्या हातातूनही डोकावतो.

म्हणून आता पिवळ्यासाठी हान्सा येलोत चिमूटभर यलो ऑकर, तांबड्यासाठी क्विनॅक्रिडोन रेडमध्ये जरासा बर्न्ट सिएना. 1 भाग रंगाला 8 भाग ग्लेझिंग मीडियम (रंग पारदर्शक करणारं), असे तीन पातळ हात. याहून दाट केलं तर वीण बुजते आणि लुगडं रेक्झिनसारखं दिसायला लागतं.

कापडाची खळ गरम पाण्याने दोनदा धुऊन काढली. राहिली असती तर चिकटवायचं ॲक्रिलिक जेल धाग्यात मुरलं नसतं आणि पावसाळ्यात बुरशीही धरली असती. ओलं पांढरं फडकं घासून रंग जातो का ते पाहिलं. टाके चिकटवण्याआधीच घातले, सहापदरी दोऱ्याचे दोन पदर घेऊन, गोधडीसारखे कडेकडून आत. वाळलेल्या ॲक्रिलिकमधून सुई ओढली की थर भोकाभोवती उचकटतो. नंतर टाका घालायचाच असेल तर आधी टोचणीने भोक पाडा.

चिकटवताना कॅनव्हासमागे फळी दिली, नाहीतर ओल्या कापडाच्या वजनाने मध्ये झोळ येतो. जेल खालून, पातळ मीडियम वरून, आणि हात मधून कडेकडे. चुण्यांखाली हेवी जेल भरलं आहे. दोन दिवसांनीही खोल घड्यांत दुधाळपणा आहे, म्हणजे आत पाणी शिल्लक आहे. तो जाईपर्यंत वरचा हात नाही.

कोळशाच्या रेषा फिक्सेटिव्हचे (कोळसा पुसू न देणारा फवारा) दोन हात दिल्यावरच ग्लेझखाली जातील. उजवा वरचा कोपरा कोराच ठेवला आहे; तिथे एक तांबडा ठिपका हवा की नको, हे घड्या पारदर्शक झाल्यावर ठरेल.