पगारातून पीएफ कापतात, पण भरतात का ते बघा

नवी मुंबईत महापे, रबाळे, ऐरोली, इकडे ठाण्यात वागळे इस्टेट, कुठेही नोकरी करणाऱ्यांशी बोला, पगार लेट होतो, सुट्टी मिळत नाही, साहेब सगळ्यांसमोर बोलतो हे सगळं ऐकायला मिळेल, पण पीएफचा विषय कोणी काढत नाही, कारण तो पैसा हातात येतच नाही त्यामुळे गेला तरी पत्ता लागत नाही. मी अकाउंट्समध्ये आहे, रोज हेच आकडे बघते, आणि मला याचा फार राग येतो म्हणून लिहितेय.

आमच्याकडे हाउसकीपिंगला कॉन्ट्रॅक्टरकडून एक मावशी येतात, दिघ्याच्या. एक दिवस पॅन्ट्रीत पगाराची स्लिप पुढे करून म्हणाल्या, "ताई, हे अठराशे दर महिन्याला कापतात ते जातात कुठे ओ?" म्हटलं चला बघू. यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, टाकला तर ओटीपी येईना. नंतर कळलं की यूएएनला मोबाईल नंबर सुपरवायझरचा लावलेला, म्हणजे बाईंचा पैसा आणि मेसेज जाणार भलत्याच माणसाला! त्यांचा आधार त्यांच्याच मोबाईलशी लिंक होता म्हणून आधारच्या ओटीपीवर नंबर बदलता आला. मग पासबुक उघडलं, सुरुवातीचे थोडे महिने एंट्री आहेत आणि पुढे काहीच नाही, आणि स्लिपवर मात्र कपात चालूच.

हे कसं तपासायचं ते सांगते. बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १५,००० असेल तर तुमचे १२ टक्के म्हणजे १,८०० कापले जातात. मालकानेही १२ टक्के भरायचे असतात, त्यातले १,२५० पेन्शनला जातात आणि ५५० पीएफला. म्हणजे पासबुकात त्या महिन्यासमोर १,८००, ५५० आणि १,२५० असे तीन आकडे दिसायला हवेत. एखाद्या महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात, एंट्री दिसायला थोडे दिवस इकडेतिकडे होतात, पण दोन-तीन महिने काहीच दिसत नसेल तर गप्प बसू नका. उमंग या सरकारी अ‍ॅपवर पाच मिनिटांत कळतं. पगारातून कापलेला पीएफ न भरणं म्हणजे नुसती दिरंगाई नाही, कायद्याने तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा आहे. आणि कॉन्ट्रॅक्टरने नाही भरला तर ज्या कंपनीत तुम्ही प्रत्यक्ष काम करता तिच्यावर जबाबदारी येते, "तो कॉन्ट्रॅक्टरचा प्रश्न आहे" म्हणून एचआरला हात झटकता येत नाहीत.

मावशींनी आधी तोंडी विचारलं होतं, "होईल होईल" एवढंच उत्तर. मग आम्ही साध्या मराठीत अर्ज लिहिला, कुठल्या महिन्यांचे पैसे दिसत नाहीत ते लिहिलं, स्लिपच्या झेरॉक्स जोडल्या, एक प्रत कॉन्ट्रॅक्टरला, एक आमच्या एचआरला, आपल्या प्रतीवर तारखेसकट पोच घेतली. ही पोच फार महत्त्वाची. शिवाय ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) तक्रार पोर्टलवर तक्रार टाकली, तिथे नोंदणी क्रमांक मिळतो, तो जपून ठेवायचा. ठाण्याचं पीएफ ऑफिस वागळे इस्टेटला आहे. सुपरवायझर त्यांना म्हणाला, उद्यापासून येऊ नका. पण अर्ज एचआरकडे पोचलेला होता ना, त्यामुळे त्यालाच बोलावून घेतलं. पैसे आता हळूहळू जमा होतायत, सगळे महिने अजून आलेले नाहीत.

बाकी गोष्टीही थोडक्यात सांगते. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत व्हायला हवा, ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे. नोव्हेंबर २०२५ पासून नवी वेतन संहिता लागू आहे, त्यात नोकरी सोडली किंवा काढलं तरी राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे, "फुल अँड फायनलला ४५ दिवस लागतात" हे ऐकून घेऊ नका. पगार-ओव्हरटाइमचं म्हणणं घेऊन कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाता येतं, ठाण्यातही ते आहे. आणि केबिनमध्ये बसवून "आत्ताच राजीनामा लिहून दे, नाहीतर रेकॉर्ड खराब करू" असं कोणी म्हटलं तर सही करू नका, प्लीज. घरी विचारून सांगतो म्हणा, बाहेर या, आणि त्याच दिवशी झालेला प्रकार ईमेलवर लिहून पाठवा, स्वतःच्या पर्सनल ईमेलला कॉपी ठेवून, कारण ऑफिसचा आयडी ते कधीही बंद करू शकतात. "आज थांबावं लागेल" असे रात्रीचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेजही डिलीट करू नका.

मावशींच्या बरोबरच्या बायकाही आता स्लिपा घेऊन येतायत. ज्यांना स्लिपच मिळत नाही त्यांना मी बँकेचं पासबुक आणि हजेरीच्या कार्डाचा फोटो आणायला सांगितलंय, त्यावरून अर्ज लिहायला घेणार आहोत.