सुटली कोण?

आई गेली तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "सुटली बिचारी." पक्षाघाताने तिची उजवी बाजू गेल्यावर साडेपाच वर्षं ती अंथरुणातच होती, त्यामुळे ते खोटंही नव्हतं. मला मात्र तेरावं उरकलं तरी रडू येईना. रात्री तीनला जाग यायची, तिची कूस बदलायची वेळ झाली म्हणून. दर दोन तासांनी बदलावी लागायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. उठून बसल्यावर आठवायचं, भाड्याचा पलंग कधीच परत गेलाय.

चार महिन्यांनी एका समुपदेशक बाईंकडे गेले. तिथे मी मुद्देसूद बोलायचे, दुसऱ्याच कुणाचा केसपेपर वाचून दाखवावा तसं. तीन भेटींनंतर त्यांनी मला कलोपचार करणाऱ्या सहकारी ताईंकडे पाठवलं. मी आधीच सांगून टाकलं, एलिमेंटरीला सी ग्रेड होती. ताई म्हणाल्या, "बरंच झालं. सुंदर काढायची सवय मोडावी लागणार नाही."

टेबलावर पेन्सिली, तेलखडू, जलरंग आणि शाडूची माती होती. मी पेन्सिल उचलली, वर पट्टीही मागितली. त्या हसल्या नाहीत. पेन्सिल आपल्या ताब्यात राहते, जलरंग आपल्या मनाने पसरतात. ज्याला जे झेपेल त्यानेच सुरुवात करायची, हे त्यांनी पुष्कळ नंतर सांगितलं. मग डोळे मिटून नुसत्या रेघोट्या मारायच्या, कागद फिरवून बघायचा, त्यात काही दिसतंय का. पैसे मोजून बालवाडीत बसल्यासारखं वाटलं. घरी आले ती आणखीच चिडून.

त्याच सुमारास वाचलं की अमेरिकेत कलोपचाराच्या संशोधक गिरिजा कैमल यांनी ३९ प्रौढांना पाऊण तास चित्रं किंवा मातीकाम करायला देऊन लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं होतं. साधारण तीन चतुर्थांश जणांचं उतरलं, आणि आधी कला येत होती की नाही याने फरक पडला नाही. २०१६ सालचा हा अभ्यास लहानच, पण मला धीर आला तो उरलेल्या एक चतुर्थांश जणांमुळे. त्यांचं उतरलं नव्हतं. मी बहुधा त्यांच्यातली.

चौथ्या भेटीत ताई म्हणाल्या, "आज डाव्या हाताने काढून बघा." खडू धरला, रेघ थरथरली, आणि मी थांबले. ती रेघ माझ्या ओळखीची होती.

हयातीच्या दाखल्यावर आई डाव्या हाताने सही करायची. एक एक अक्षर जोडत, जीभ दातांत धरून. एका नोव्हेंबरात मला ऑफिसला उशीर होत होता. मी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि अंगठा शाईत दाबून कागदावर उमटवला. ती काही बोलली नाही. बोलणं तसंही तिला जड जायचं.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, त्या तीन मुद्देसूद भेटींतही नाही. ताईंनी चित्राचा अर्थ लावला नाही. एवढंच विचारलं, "ही रेघ पुढे कुठे जाऊ पाहतेय?" मी ती कागदाच्या काठापर्यंत नेली, मग टेबलावरही. पुढच्या आठवड्यात शाडूचा गोळा अक्षरशः बडवला. आणि तोंडून निघालं, "मी सुटले." सगळे आईबद्दल म्हणत होते तोच शब्द. मग रडले. त्यात दुःखापेक्षा शरमच जास्त होती.

एकूण दहा भेटी झाल्या. झोपेची गोळी चित्रांनी सुटली नाही. ती डॉक्टरांनी सावकाश कमी केली. प्रत्येक चित्राच्या मागे तारीख घालून फाइल कपाटात ठेवली आहे. भावाने फोटो मागितले, मी पाठवले नाहीत.

या चैत्रात अंगणात चैत्रांगण काढलं, डाव्या हाताने. आई दरवर्षी काढायची. अंथरुणाला लागल्यावर खिडकीतून बोटाने दाखवायची, माझं काय चुकलं ते. झोपाळ्यातली गौर, शंख, चक्र, गोपद्मं, सूर्य, चंद्र. तासभर लागला. शेजारच्या काकू वाकून बघत म्हणाल्या, "अगं, कासव उताणं पडलंय."

म्हटलं, राहू दे.