वेस्टनची दगडी इमारत

पिट्सबर्गहून दक्षिणेला दोन तास गाडी हाकली की वेस्ट व्हर्जिनियातलं वेस्टन लागतं. “वेड्यांचं इस्पितळ काय बघायचं, मावशी?” भाचा वाटभर कुरकुरत होता. गावातला नदीवरचा पूल ओलांडला आणि गप्प झाला. समोर हाताने घडवलेल्या दगडांची इमारत, लांबी जवळजवळ चारशे मीटर!

१८५८ साली काम सुरू झालं तेव्हा हा मुलूख व्हर्जिनियात होता. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि बांधकामासाठी गावच्या बँकेत ठेवलेलं हजारो डॉलरचं सोनं ओहायोच्या पलटणीने उचलून नेलं. तरी १८६४ मध्ये पहिले रुग्ण आले. पूर्ण व्हायला मात्र १८८१ उजाडलं.

आराखडा फिलाडेल्फियाच्या डॉ. थॉमस किर्कब्राइड यांच्या पद्धतीचा. उजेड, मोकळी हवा, शांतता मिळाली की माणूस सावरतो, म्हणजे इमारत हेच निम्मं औषध, असं ते मानत. म्हणून इमारतीचा प्रत्येक भाग आधीच्यापेक्षा थोडा मागे सरकवलेला. कुणाचा वारा कुणी अडवायचा नाही. मला ही कल्पना आजही पटते.

गाइडने एका खोलीत उभं केलं. एक उंच खिडकी, एका खाटेपुरती जागा. मनात दुसरी खाट मांडून बघितली, दार उघडेना. इमारत २५० जणांसाठी होती. १९५० च्या दशकात इथे २,४०० माणसं राहत होती. मग कसला उजेड आणि कसली शांतता!

गर्दी कमी करायचा एक उपाय ऐकून पोटात कालवलं. १९५२ मध्ये डॉ. वॉल्टर फ्रीमन यांनी या राज्यातल्या सरकारी इस्पितळांत जेमतेम दोन आठवड्यांत दोनशेहून जास्त लोबोटॉमी केल्या. डोळ्याच्या खोबणीतून टोकदार हत्यार आत घालून मेंदूतले तंतू तोडायचे. शांत झालेला रुग्ण घरी पाठवता येईल, हा हिशेब.

१९९४ ला इस्पितळ बंद झालं, २००७ ला लिलावात १५ लाख डॉलरना विकलं गेलं. आता तिकिटांच्या पैशातून डागडुजी चालते. रात्री भुतांच्या सहलीही निघतात. आम्ही दिवसाचीच घेतली. इथे घाबरायला भूत कशाला हवं?

वरच्या मजल्यावर भिंतींचे पोपडे लोंबत होते. भाच्याने खाली पडलेला एक उचलला. वर पांढरा, त्याखाली हिरवा, त्याखाली आणखी कुठलासा पिवळट. तो थर मोजत बसला. गाइडने डोळे वटारले, तेव्हा त्याने तो होता तिथेच ठेवला.