इकडे सगळं ठीक आहे

दुपारचे तीन वाजले होते. म्हणजे माझ्या घड्याळात. परदेशातल्या एका हॉटेलच्या चौथ्या मजल्यावर, लिफ्टशेजारच्या कोपऱ्यात मी भिंतीला पाठ टेकून उभी होते. खोलीत वायफाय आहे, असं रिसेप्शनवाल्यांचं म्हणणं होतं. माझ्या फोनचं तसं नव्हतं. फोन फ्लाइट मोडवर, वायफाय तेवढं चालू, आणि वर कोपऱ्यात आपल्या नेहमीच्या मोबाइल कंपनीच्या नावाला चिकटून ‘वायफाय’ असं बारीक अक्षरांत. म्हणजे ‘वायफाय कॉलिंग’ चालू: नेहमीच्याच नंबरावर, पण टॉवरऐवजी वायफायवरून फोन. ती अक्षरं दिसली की मला उगीच सुरक्षित वाटतं.

तेवढ्यात फोन वाजला. कुरिअरवाला.

‘‘मॅडम, खाली गेटपाशी आलोय. दोन मिनिटांत या.’’

‘‘आले, आले,’’ मी म्हणाले आणि चक्क लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट आली, टिंग झालं, दार उघडलं, आतल्या आरशात मी मला दिसले. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला की तो ज्या गेटपाशी उभा आहे, ते दुसऱ्याच देशातलं आहे.

त्या बिचाऱ्याला तरी काय कळणार? पूर्वी परदेशी गेलेल्या माणसाला फोन लावला, की कधी कधी रिंगचा सूरच निराळा ऐकू यायचा. मग समजूतदार लोक दोन रिंगमध्येच फोन ठेवून द्यायचे. उगाच त्याला रोमिंग पडायला नको. आता तसा काही सुगावा लागत नाही. नंबर तोच, रिंग तीच, आवाज तर शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. पहाटे साडेपाचला कर्ज हवंय का विचारणारी मुलगीही तितक्याच उत्साहाने बोलते. तिच्याकडे सकाळचे दहा वाजलेले असतात, तिचा काय दोष?

हे चालतं कसं, ते माझ्या भाच्याने एकदा समजावलं होतं. फोन समोरच्या वायफायमधून थेट आपल्या मूळ कंपनीच्या दारापर्यंत एक कुलूपबंद बोगदा खणतो. बोलणं, एसएमएस, बँकेचे ओटीपी, सगळं त्या बोगद्यातून ये-जा करतं. ज्या देशात आपण उभे असतो, तिथल्या टॉवरशी काही बोलणंच नाही, तर रोमिंग कसलं? कंपनीच्या लेखी आपण घरीच. अर्थात सगळ्या कंपन्या एवढ्या उदार नाहीत. काही परदेशातून ही सोय देतच नाहीत, काही त्यालाही रोमिंगच धरतात, आणि काहींची सोय निघण्यापूर्वीच सुरू करून घ्यावी लागते. फ्लाइट मोड मात्र काढायचा नाही. नाहीतर बोलत बोलत आपण दाराबाहेर जातो, वायफाय मागे राहतं, फोन गुपचूप तिथल्या टॉवरचा हात धरतो आणि त्याचं प्रेम महिनाअखेर बिलात दिसतं.

एवढं सगळं माहीत असूनही पहिल्याच संध्याकाळी मी जास्तीचा टॉवेल मागवायला मोबाइलवरून रिसेप्शनला फोन लावला. चार मजले खाली. आवाज आधी बोगद्यातून माझ्या देशात गेला, तिथे त्याचा आंतरराष्ट्रीय कॉल झाला आणि हजारो किलोमीटर उलटा येऊन तो त्याच इमारतीच्या तळमजल्यावर वाजला. टॉवेल आला. आयएसडीचे पैसेही लागले. पलंगाशेजारी इंटरकॉम होता, हे टॉवेल घेऊन आलेल्या मुलाने हळूच दाखवलं.

एक सांगायला हवं. घरीच असल्याचा हा भ्रम तातडीच्या वेळी अंगाशी येऊ शकतो. आग, अपघात, असं काही झालं, तर वायफायवरून गेलेल्या कॉलमधून आपण नक्की कुठे आहोत ते कळेलच, याची खात्री नाही. तिथे तो पलंगाशेजारचा इंटरकॉमच बरा.

आमच्या लहानपणी याच्या अगदी उलट होतं. कुठून बोलतोय, हे विचारायचीसुद्धा गरज नसायची. आवाजातच अंतर भरलेलं असायचं. आमच्याकडे फोन नव्हता, शेजारी होता. काका परदेशी होते. त्यांच्यासाठी ट्रंक कॉल नोंदवायचा आणि मग वाट बघायची, कधी दोन तास, कधी अख्खी संध्याकाळ. शेजारच्या काकू हाक मारायच्या, की बाबा बनियनवरच धावायचे आणि मागोमाग आम्ही सगळे. तो जड, काळा फोन. बाबा उभ्यानेच बोलायचे, दुसऱ्या कानात बोट घालून, आणि एवढ्या मोठ्याने की काकांना तसाही ऐकू गेला असता.

‘‘इकडे सगळं ठीक आहे!’’

मग शांतता. तो आवाज बहुधा उपग्रहावरून जायचा. ३६,००० किलोमीटर वर आणि तितकाच खाली. उत्तर यायला अर्धा सेकंद तरी लागायचाच. त्या अर्ध्या सेकंदात बाबांना वाटायचं, की ऐकूच गेलं नाही. ते पुन्हा ओरडायचे, ‘‘सगळं ठीक आहे!’’ आणि नेमकं तेव्हाच तिकडून काका काहीतरी बोलत असायचे. दोघांची वाक्यं मधेच एकमेकांवर आपटायची. ‘‘तू बोल.’’ ‘‘नाही, तू बोल.’’ यातच तीन मिनिटं सरत आली, की ऑपरेटरबाई मधे तोंड घालायच्या. आजीला फोन दिला, की ती फक्त ‘‘हॅलो’’ म्हणायची आणि नळी कानाला लावून नुसती ऐकत राहायची.

एकदा बाबांनी असंच ‘‘ठीक आहे’’ तीनदा ओरडून सांगितलं. आजोबा तेव्हा आठवडाभर दवाखान्यात होते. हे आम्हाला माहीत होतं, शेजारच्यांना माहीत होतं. मी बाबांकडे बघत होते. त्यांचा आवाज खणखणीत होता, पण फोनची वायर त्यांनी बोटाला एवढी आवळून गुंडाळली होती, की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. फोनच्या खरखरीत काकांना काही कळलं नसावं.

पुढे १९८८ साली अटलांटिकच्या तळाशी काचतंतूंची, म्हणजे ऑप्टिकल फायबरची, पहिली केबल पडली, मग तशा अनेक पडल्या, आवाज उपग्रहाऐवजी समुद्राखालून जाऊ लागला आणि बोलण्यातली ती अर्ध्या सेकंदाची उसंत हळूहळू नाहीशी झाली. सवय मात्र माझ्या घशात राहिली आहे. परदेशातून बोलताना मी आजही ओरडते. त्या दिवशी लिफ्टमधून बाहेर पडलेल्या एका गृहस्थाने ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं, तेव्हा कुठे आवाज उतरला.

कुरिअर शेजाऱ्यांकडे ठेवायला सांगितलं आणि फोन ठेवते न ठेवते तोच आईचा आला. मी परदेशी आलेय, हे तिला सांगितलं नव्हतं. चार दिवसांचं काम. विमान उतरेपर्यंत ती जागत बसते आणि मग तिचं डोकं दुखतं.

‘‘काय करतेयस?’’

‘‘काही नाही. ऑफिसमधे आहे. तू?’’

‘‘मी काय, बसलेय. इकडे सगळं ठीक आहे.’’

हल्ली आवाज फार स्वच्छ येतो. ‘बसलेय’ आणि ‘इकडे’ यांच्या मधे तिने श्वास घेतला, तो मला ऐकू आला. मग आणखी एक, लहान. जिना चढून आल्यासारखा. तिच्या घराला जिना नाही.

‘‘डॉक्टरकडे गेली होतीस?’’

‘‘कशाला? मला काय झालंय?’’

तेवढ्यात शेजारी लिफ्ट आली. टिंग.

‘‘हे काय वाजलं गं?’’

‘‘काही नाही,’’ मी म्हटलं.