वड्याचं तेल

राग आंधळा असतो म्हणतात. मला ते पटत नाही. त्याला समोरच्याचा हुद्दा बरोबर दिसतो. संध्याकाळी साडेपाचला "हे उद्या सकाळी हवंय" म्हणणाऱ्या साहेबांना आपण "हो सर, करते" म्हणतो आणि मग सोसायटीच्या वॉचमनवर खेकसतो, पार्सल घेऊन आलेल्या पोरावर डाफरतो, नाहीतर "चहा टाकू का गं?" एवढंच विचारणाऱ्या आईला तोडून बोलतो. वड्याचं तेल वांग्यावर. आपल्या आज्ज्यांना हे ठाऊक होतंच. १९३९ साली येल विद्यापीठातल्या जॉन डोलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा रीतसर सिद्धांत मांडला: हवं ते मिळण्याच्या वाटेत कुणी आडवं आलं की माणूस चवताळतो, आणि आडवा आलेला शिक्षा करू शकणारा असेल, तर तिसरंच कुणीतरी धरलं जातं.

मुंबईत मात्र वडा आणि वांगं यांच्यामध्ये लोकल असते. चर्चगेट ते विरार म्हणजे साठ किलोमीटर, दीड तास तरी. सगळे तिला शिव्या घालतात, मीही घालते. पण तिच्यामुळे किती घरांतली भांडणं टळली असतील, हे कुणी मोजत नाही. अंधेरीपर्यंत मनातल्या मनात साहेबांना सुनवून होतं (तिथे आपल्याला काय एकेक वाक्यं सुचतात!). मधेच शेजारची विचारते, "काय गं, आज पुन्हा थांबवलं वाटतं?" तिला सगळं सांगायचं, पण एकदाच. तिसऱ्यांदा सांगताना साहेब होते त्याहून दुष्ट होतात आणि आपला राग पुन्हा ताजा. बोरिवलीला उतरणाऱ्या आणि चढणाऱ्या बायकांची जुंपते, त्यात साहेब मागे पडतात. भाईंदर सुटलं की खाडीचा पूल. दारातून खारा वारा आत येतो, कुणीतरी निर्माल्याची पिशवी खाली सोडते (सोडू नये, पण सोडतात), आणि नायगाव येईपर्यंत गप्पा रात्रीच्या भाजीवर आलेल्या असतात.

मार्च २०२० मध्ये लोकल थांबली. सर्वसामान्यांसाठी ती पुन्हा खुली व्हायला १ फेब्रुवारी २०२१ उजाडला, तीही ठरावीक वेळांपुरती. तेवढ्या काळात घरून काम करणाऱ्यांचं ऑफिस आणि स्वयंपाकघर यांत चार पावलांचं अंतर उरलं. लॅपटॉप मिटला की समोर थेट आई.

राग बाहेर काढावा, उशी बडवावी, मोकळं व्हावं, असा सल्ला हल्ली फार मिळतो. ब्रॅड बुशमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००२ मध्ये तो तपासून पाहिला. आधी चिडवलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना चिडवणाऱ्याची आठवण काढत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावलं, काहींना व्यायाम म्हणून मारायला लावलं आणि काहींना नुसतं बसवून ठेवलं. चिडवणाऱ्याला आठवत मारणारे सगळ्यांत जास्त संतापलेले निघाले, आणि सूड उगवण्यात नुसते बसलेले सगळ्यांत मागे राहिले. हे वाचलं तेव्हा मला लोकलमधली भजनी मंडळं आठवली. डब्याच्या पत्र्यावर तीही दणादण थाप मारतात, पण तेव्हा डोक्यात साहेब नसतो, विठ्ठल असतो. शेजारी डुलकी काढू पाहणाऱ्याच्या डोक्यात त्या वेळी काय असतं, ते वेगळं.

आता आठवड्यातले काही दिवस मी घरूनच काम करते. त्या दिवशी लॅपटॉप मिटला की कुणाशी अक्षरही न बोलता पिशवी उचलते आणि स्टेशनपर्यंत चालत जाते. परतताना रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून मिळेल ती भाजी घेते. आई खूश आहे. बाबा मात्र परवा ताटाकडे बघून कडाडले, "या घरात दोडक्याशिवाय दुसरं काही शिजतं का?" आणि तरातरा खाली जाऊन वॉचमनशी पार्किंगवरून भांडून आले.